प्रकाशापेक्षा फास्ट जायचं तर कुठल्या गाडीनं? (भाच्याच्या विज्ञानकथेसाठी मदत पाहिजे)

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. माझा भाचा अकरावी सायन्सला आहे, इथंच बेळगावात. गल्लीतल्या वाचनालयानं विज्ञानकथा स्पर्धा ठेवलीय, मर्यादा १५०० शब्द, आणि गणपतीच्या आत द्यायची आहे. ह्याची नायिका शहापूरची, तिचा भाऊ प्रॉक्सिमा सेंटॉरीजवळच्या एका ग्रहावर नोकरीला लागलाय आणि ही त्याला भेटायला निघते. इथपर्यंत लिहून झालंय. खरं पुढं गाडी अडकलीय. प्रॉक्सिमा ४.२४ प्रकाशवर्षं लांब. म्हणजे मी हिशोब करून बघितला, साधारण ४० लाख कोटी किलोमीटर, ताशी ६० नं लाल गाडी सोडली तर साडेसात कोटी वर्षांच्या वर. व्हॉयेजर-१ च्या वेगानं गेलं तरी ७५ हजार वर्षं. तर हा मला विचारतो, मामा कुठलं इंजिन लावू? मी बँकेतला माणूस, मला काय कळतंय. इथं सिनेमे, मालिका, पुस्तकं कोळून प्यालेले लोक आहेत म्हणून धागा काढला. कथा-कादंबऱ्यांत प्रकाशापेक्षा जोरात जायच्या ज्या काही युक्त्या आहेत त्यातली कुठली बरी आणि का, ते सांगा.

निपाणीकर_तंबाखू
वॉर्प ड्राइव्ह लाव म्हणावं. विषय संपला.

भाकरी_आमटी
फ्रीजमध्ये ठेवला तर दहा दिवस आरामात. बाहेर चार, उन्हाळ्यात तीनच.

तिसरं_गेट
काय ओ फ्रीजमध्ये? भाच्याला?

चोर्ला_घाट
तंबाखू, विषय असा संपत नाही रे भावा. एवढी वर्षं हेच वाचत आलोय तर थोडं लिहितो, लांब होईल, आधीच माफी.

माझ्या मते ह्या सगळ्या युक्त्या गोव्याला जायच्या रस्त्यांसारख्या आहेत. एक पद्धत म्हणजे रस्ता तोच, खरं गाडी भारी. तो स्टार ट्रेकचा वॉर्प, १९६६ पासूनचा. गाडी ह्याच विश्वातनं जाते, आजूबाजूची जागा आकुंचन-प्रसरण करत. दुसरी पद्धत म्हणजे वेगळाच रस्ता धरायचा, तो हायपरस्पेस. म्हणजे अनमोडनं न जाता चोर्ल्यानं खाली उतरायचं. आसिमोव्हच्या फाउंडेशन कादंबऱ्यांतली जहाजं तशी उडी मारतात, खरं आधी ताऱ्याग्रहांपासून लांब जायचं, गणित मांडायचं, मगच उडी. मला हे आवडतं कारण त्यात तयारी आहे, बटण दाबलं आणि सुटला असं नाही. तिसरी पद्धत बोगदा, म्हणजे वर्महोल, त्यात गाडी साधीच असते, बोगदा खणणाऱ्याची कमाल. आणि चौथी म्हणजे नकाशाच दुमडायचा, बेळगाव आणि पणजी एकमेकांवर टेकवायचे.

स्टार वॉर्सवाल्यांची एक गंमत सांगतो. त्यातला हान सोलो १९७७ मध्ये फुशारकी मारतो की माझ्या जहाजानं केसेल रन नावाची वाट बारा पार्सेकच्या आत मारलीय. पार्सेक हे अंतर आहे, ३.२६ प्रकाशवर्षं, वेळ नाही. लोक इतकी वर्षं हसले. मग चाहत्यांनी सारवासारव केली की तो धोक्याच्या जागेला चिकटून शॉर्टकटनं गेला म्हणून अंतरच कमी पडलं. २०१८ च्या सिनेमात तर तो शॉर्टकट दाखवूनच टाकला. मी हे ऐकल्यावर म्हटलं, ह्यात हसण्यासारखं काय आहे? आमच्याकडं पावसाळ्यात चोर्ल्यानं रात्री गाडी काढणारा प्रत्येक जण हीच फुशारकी मारतो, आणि किलोमीटरमध्येच मारतो.

सदाशिव_पेठी
'प्रकाशापेक्षा फास्ट' ऐवजी 'अतिप्रकाशवेगी' म्हणता येईल. आणि वर्महोलला मराठीत कृमिविवर असा सुंदर शब्द आहे.

निपाणीकर_तंबाखू
कृमिविवर म्हटलं की शाळेतल्या जंताच्या गोळ्या आठवतात ओ. नायिका तसल्या भोकातनं जाणार न्हाई.

कॅम्पातली_मास्तरीण
मी फिजिक्स शिकवते, त्यामुळे राहवत नाही. आधी एक गोष्ट स्पष्ट करू. प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरच्या वर, आणि इंजिन मोठं केलं की ही भिंत फुटेल असं नाही. वस्तूला तिथवर नेतानाच लागणारी ऊर्जा अमर्याद वाढत जाते. म्हणूनच सगळे लेखक पळवाटा शोधतात: वस्तू हलवायची नाही, जागा हलवायची. १९९४ मध्ये मिगेल अल्कुबिएरे नावाच्या मेक्सिकन शास्त्रज्ञानं खरोखरच हे गणित मांडलं, आणि शोधनिबंधाच्या नावातच 'वॉर्प ड्राइव्ह' हा शब्द ठेवला. पुढची जागा आवळायची, मागची ताणायची, मध्ये बुडबुडा. बुडबुड्याच्या आत जहाज जागच्या जागी, घड्याळ पृथ्वीच्या घड्याळाबरोबर चालतं, धक्कासुद्धा बसत नाही.

आता अडचणी. एक, त्याला ऋण ऊर्जा लागते, म्हणजे रिकाम्या जागेपेक्षाही 'कमी' ऊर्जा. ती चिमूटभर कशी मिळते ते माहीत आहे, पोतंभर कशी मिळवायची ते नाही, आणि १९९७ मध्ये दोघांनी हिशोब केला तर दिसणाऱ्या सगळ्या विश्वाच्या वस्तुमानापेक्षाही जास्त निघाली. नंतर आकार बदलून लोकांनी ती खाली आणली, पण ऋण ती ऋणच. दोन, आतल्या चालकाचा बुडबुड्याच्या पुढच्या कडेशी संपर्कच राहत नाही. ब्रेक लागत नाही! थांबायची सोय आधीच कोणीतरी वाटेवर करून ठेवायला पाहिजे. तीन, हे माझं सगळ्यात आवडतं. २०१२ मध्ये सिडनीतल्या काही जणांनी दाखवलं की वाटेतले कण बुडबुड्याच्या तोंडाशी गोळा होत जातात आणि थांबल्याबरोबर पुढं भयंकर ऊर्जेनं सुटतात. म्हणजे बहीण पोचली की भाऊ भस्म.

निपाणीकर_तंबाखू
पाहुणे येण्याआधी घर सोडून जायची आमची पद्धत शास्त्रीय हाय म्हणा की.

जांभूळ_खानापूर
मॅडमनी भिंत म्हटलं, खरं भिंतीच्या पलीकडं आधीपासूनच कोण असेल तर? टॅकिऑन. कायम प्रकाशापेक्षा जोरात पळणारे कण, त्यांना उलट प्रकाशाइतकं हळू होता येत नाही. आणि हिशोब सगळा उफराटा, ऊर्जा कमी होईल तसा वेग वाढत जातो. (माझा साडू असाच आहे, पगार थांबला की गाडी जोरात.) सापडले कुणालाच नाहीत अजून. नाव १९६७ मध्ये फाइनबर्गनं दिलं खरं, पण त्याआधी १९६२ च्या निबंधात ही कल्पना मांडलेली होती आणि त्याचे लेखक बिलानिउक, देशपांडे आणि सुदर्शन. देशपांडे! आपला माणूस!

हुबळी_धारवाड_पासिंग
देशपांडे म्हणजे आपला माणूस खरंच, खरं तुमचा की आमचा? धारवाडात दर चौथ्या दाराला देशपांडे पाटी आहे आणि घरात कन्नड बोलतात. 🙂

जांभूळ_खानापूर
पाटीवर मराठी आहे का बघा आधी.

हुबळी_धारवाड_पासिंग
पाटीवर तिन्ही भाषा आहेत अण्णा, साठ टक्के कन्नड, नियमाप्रमाणे.

तिसरं_गेट
मंडळी, हात जोडतो. सीमाप्रश्नावर ह्या संस्थळावर आधीच नऊ धागे आहेत. तिथं जावा. इथं फक्त प्रॉक्सिमा.

घरचा_जावई_कागल
प्रॉक्सिमाबद्दलच बोलतो, खरं सीमा येणार ओ त्यात, इलाज नाही.

इंजिन कसं चालतं ह्यात मला फार रस नाही. ते कुणाच्या ताब्यात आहे ते सांगा. ड्यून वाचा (१९६५). त्यात जागा दुमडून जातात, ते तंत्र आहेच, खरं वाट सुरक्षित आहे का ते आधी दिसायला नेव्हिगेटर लागतो, त्याला ते दिसायला स्पाइस लागतं, आणि स्पाइस मिळतं अख्ख्या विश्वात एकाच वाळवंटी ग्रहावर. म्हणजे एक गिल्ड (नेव्हिगेटरवाल्यांची संघटना), एक मसाला, एक ग्रह. राजा असो नाहीतर सरदार, गिल्डनं नाही म्हटलं की घरी बसा. मास इफेक्ट नावाचा व्हिडिओ गेम खेळला असाल तर त्यातले मास रिले घ्या, कुणीतरी कधीतरी बांधून ठेवलेली दारं, त्या दारातनंच सगळी वाहतूक. दार बंद तर पलीकडचा तारा होता तिथंच आहे, खरं तुमच्यासाठी नाही.

आता माझं सांगतो. माझं सासर बेळगाव, घर कागल. मध्ये ऐंशी-नव्वद किलोमीटर, हायवे लोण्यासारखा, दीड तास. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण तापलं, गाड्या बंद झाल्या, आणि त्याच दिवशी सासऱ्यांना दवाखान्यात नेल्याचा फोन. मी आणि बायको वडापनं कोगनोळीच्या सीमानाक्याच्या अलीकडपर्यंत, मग बॅग डोक्यावर घेऊन चालत पलीकडं, मग पलीकडच्या पासिंगची रिक्षा, मग निपाणीत ओळखीच्याची गाडी. सहा तास. अंतर तेच होतं. बायको तेव्हा म्हणाली, बाबा अमेरिकेत असते तर लवकर पोचलो असतो. म्हणून म्हणतो, भाच्याला सांगा की वेग किती हे कुणी विचारत नाही, नाक्यावर कोण उभा आहे ते लिही. (सासरे बरे झाले, आता मलाच शिव्या देतात.)

चोर्ला_घाट
कागल, हे पटलं. माझ्या चार रस्त्यांत मी नाका विसरलोच.

सदाशिव_पेठी
सुंदर प्रतिसाद. 'वडाप' म्हणजे काय?

निपाणीकर_तंबाखू
आठ जणांच्या जीपमध्ये सतरा. जागा आकुंचन करायचं आमचं तंत्र. ऋण ऊर्जा लागत न्हाई.

विहीणबाई
तुम्ही सगळे इंग्रजी पुस्तकांचंच बोलायला लागलात म्हणून लिहिते. भागवतात रेवतीची गोष्ट आहे. ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मलोकात गेला, हिच्यासाठी वर कोण बघू म्हणून विचारायला. तिथं गाणं चालू होतं म्हणून थांबला. गाणं संपल्यावर विचारलं तर ब्रह्मदेव हसले, म्हणे तू मनात धरलेली मुलं, त्यांची नातवंडं सगळी कधीच गेली, सत्तावीस चतुर्युगं उलटली. मग रेवतीचं लग्न बलरामाशी झालं. हे आधीच होतं की आपल्याकडं.

कॅम्पातली_मास्तरीण
काकू, गोष्ट अप्रतिम आहे आणि मी वर्गात सांगतेच. पण ही प्रकाशापेक्षा फास्टची गोष्ट नव्हे, उलटी आहे. प्रकाशाच्या *जवळच्या* वेगानं गेलं किंवा प्रचंड गुरुत्वाजवळ थांबलं की जाणाऱ्याचं घड्याळ मागं पडतं, घरच्यांचं पुढं धावतं. प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्याला हीच किंमत मोजावी लागते. वॉर्प आणि हायपरस्पेस लेखकांनी शोधले ते ही किंमत चुकवायला, नाहीतर दर भागात कॅप्टन परत आला की त्याची नातवंडं म्हातारी.

विहीणबाई
मग किंमत चुकवली तर गोष्टीत राहिलं काय?

कॅम्पातली_मास्तरीण
... काकू, ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

खडेबाजार_बोळ
कुणी हिचहायकर्स गाइडचं नाव कसं घेतलं नाही? १९७८ ची रेडिओ मालिका, मग पुस्तकं. त्यात एक जहाज चालतं अशक्यतेवर, म्हणजे जितकी गोष्ट अशक्य तितकं इंजिन खूश, एकदम विश्वाच्या प्रत्येक बिंदूतनं जातं. आणि दुसरं त्याहून भारी, ते हॉटेलच्या बिलावर चालतं! म्हणे बिलाच्या कागदावर आकडे नेहमीच्या नियमांनी वागतच नाहीत. ह्याला पुरावा पाहिजे तर शनिवारी आमच्या ग्रुपबरोबर जेवायला या, सात जण, प्रत्येक जण म्हणतो मी जास्त दिले, आणि शेवटी चारशे कमीच. त्या ऊर्जेवर प्रॉक्सिमा काय, देवयानी दीर्घिका गाठता येईल.

अवांतर: नायिका भावाकडं रिकाम्या हातानं चाललीय का? शहापूरची मुलगी? कुंदा नको न्यायला, आपली बेळगावची दुधाची मिठाई?

तिसरं_गेट
हे खरं आहे. कुंदा पाहिजेच. भाच्याला आत्ताच सांगितलं, म्हणाला बरोबर आहे, मग टिकेल का?

चोर्ला_घाट
गणित करू. जुन्या ट्रेकमध्ये वॉर्पचा आकडा घ्यायचा आणि त्याचा घन करायचा, तितके पट प्रकाशाचा वेग. वॉर्प ६ म्हणजे २१६ पट. ४.२४ वर्षांना २१६ नं भागलं तर सव्वासात दिवसांच्या आत. वॉर्प ८ म्हणजे ५१२ पट, तीन दिवस. वॉर्प ८ नं गेली तर कुंदा ताजा पोचेल.

कॅम्पातली_मास्तरीण
पण १९९३ च्या एका भागात त्यांना कळतं की वॉर्पमुळे अवकाशालाच भेगा पडतात, आणि वॉर्प ५ ची वेगमर्यादा लागते. तेव्हा मोजमाप बदललेलं होतं, नव्या मोजमापात वॉर्प ५ साधारण २१४ पट. म्हणजे नियम पाळणारी मुलगी असेल तर सव्वासात दिवस. आणि कुंदा...

खडेबाजार_बोळ
थांबा थांबा थांबा. वर बघा. तिसरी पोस्ट. भाकरी_आमटी.

'फ्रीजमध्ये ठेवला तर दहा दिवस आरामात. बाहेर चार, उन्हाळ्यात तीनच.'

जांभूळ_खानापूर
अगं आई गं.

निपाणीकर_तंबाखू
माणसानं उत्तर आधी दिलं आणि प्रश्न नंतर आला. अंगावर काटा.

कॅम्पातली_मास्तरीण
हसू नका, हाच तर खरा घोळ आहे आणि मी तो लिहायचा टाळत होते. 'आत्ता' म्हणजे सगळ्यांसाठी एकच क्षण नसतो, वेगानं जाणाऱ्याचा 'आत्ता' वेगळा पडतो. प्रकाशाच्या आतल्या वेगांना त्यानं काही बिघडत नाही, कारण आधी आणि नंतरचा क्रम सगळ्यांना तोच दिसतो. पण निरोप प्रकाशापेक्षा फास्ट गेला की कुणाला तरी तो पोचल्यावर निघालेला दिसणार. असे दोन निरोप नीट जुळवले, एक जाणारा आणि एक वेगानं पळणाऱ्या जहाजावरून परत येणारा, की विचारायच्या आत उत्तर हातात. सापेक्षता, कार्यकारण आणि अतिप्रकाशवेग, तिन्ही एकत्र नांदत नाहीत, एकाला घराबाहेर काढावं लागतं. बहुतेक लेखक गुपचूप सापेक्षतेला काढतात आणि वाचकाला सांगत नाहीत.

भाकरी_आमटी
अहो ते पाककृतीच्या धाग्यावर टाकायचं होतं, तिथं कुंदा किती टिकतो विचारलं होतं एकीनं. दोन खिडक्या उघड्या होत्या. माझा चष्मा बदलायला झालाय.

जांभूळ_खानापूर
नाही काकू, आता माघार नाही. तुम्ही आमच्या टॅकिऑन.

चोर्ला_घाट
२०११ ला असंच झालं होतं. सर्न प्रयोगशाळेतनं निघालेले न्यूट्रिनो कण ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सासोला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले अशी बातमी आली. जगभर चर्चा, आइन्स्टाइन चुकला वगैरे. शेवटी काय निघालं? ऑप्टिकल फायबरची केबल नीट घट्ट बसलेली नव्हती.

खडेबाजार_बोळ
आमच्या बोळातली केबल सैल असली की मालिका उशिरा पोचते. त्यांची लवकर पोचली, नशीब.

बंगळूर_पीजी
फार उशिरा आलो. मला वाटतं सगळे वाहनांच्या मागं लागलेत. उर्सुला ल ग्विननं १९६६ मध्ये उलटं केलं होतं. तिच्या जगात माणसं प्रकाशाच्या आतल्याच वेगानं जातात, परत येईपर्यंत घरचे सगळे संपलेले. निरोप मात्र तत्काळ पोचतो, त्या यंत्राचं नाव अॅन्सिबल. नंतर बऱ्याच लेखकांनी ते नाव उचललं. मॅडम म्हणतात तसा कार्यकारणाचा घोळ त्यातही आहेच, खरं मला त्याची पर्वा नाही. मी इथं सहा वर्षं आहे. आईशी रोज व्हिडिओवर बोलतो, ती आमटीला फोडणी घालताना दिसते, आवाज येतो, वास येत नाही. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी बेळगाव, तरी सहा महिने जाणं झालं नाही. विहीणबाईंनी विचारलं ना किंमत चुकवली तर राहिलं काय, अॅन्सिबलमध्ये किंमत पूर्ण राहते.

विहीणबाई
बाळा, ह्या शनिवारी जाऊन ये.

बंगळूर_पीजी
तिकीट वेटिंगला आहे काकू. ४२.

निपाणीकर_तंबाखू
स्वल्प अडजस्ट माडी (जरा सांभाळून घ्या) म्हणायचं आणि चढायचं.

तिसरं_गेट
मंडळी, भाच्यानं सगळा धागा वाचला, दोनदा. निकाल सांगतो.

इंजिनाला त्यानं एकच ओळ दिलीय: 'गाडी कशी चालते ते चालवणाऱ्यालाही माहीत नव्हतं.' मॅडम रागावू नका. बाकी सगळी कथा नाक्यावर आहे. बोगद्याचं एक तोंड एका सरकारकडं, दुसरं दुसऱ्याकडं, आणि दोघांत कागदावरनं वाद. नायिका अकरा दिवस रांगेत. भावाशी रोज बोलणं होतं, तो पलीकडच्या तोंडाशी येऊन उभा आहे, दिसतो, आवाज येतो. पिशवीत कुंदा. पहिले चार दिवस ती कुणाला देत नाही, पाचव्या दिवशी रांगेतल्यांना वाटून टाकते आणि रिकामा डबा तेवढा पलीकडं नेते. मला हे वाचून जरा घशाशी आलं, खरं त्याला दाखवलं नाही.

अडचण एकच, २१०० शब्द झालेत आणि मर्यादा १५००. तो म्हणतो कुंदा कापतो.

खडेबाजार_बोळ
रांग काप, शब्द काप, बोगदा काप. कुंदा कापलास तर वाचनालयाच्या दारात उपोषण.

घरचा_जावई_कागल
डब्याचं वाक्य राहू दे. माझ्या बायकोच्या हातात तेव्हा खरंच डबा होता. मी वर लिहिलं नव्हतं.

कॅम्पातली_मास्तरीण
इंजिनाची ओळ माफ. पण बोगदा उघडा ठेवायलाही ऋण ऊर्जाच लागते, मॉरिस आणि थॉर्न यांनी १९८८ मध्ये दाखवलंय, एवढा अर्धा शब्द कुठेतरी टाक म्हणावं.

जांभूळ_खानापूर
आणि टोपणनावानं पाठव. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही पहिली कथा नारायण विनायक जगताप ह्या नावानं पाठवली होती, स्वतःच्या नावाची अक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस आलं. कोल्हापुरात जन्मलेला माणूस, म्हणजे आपला...

हुबळी_धारवाड_पासिंग
तो तुमचा. मान्य.

भाकरी_आमटी
अभिनंदन! भाच्याचा पहिला नंबर आला हे वाचून फार बरं वाटलं.

तिसरं_गेट
काकू, अजून पाठवलीच नाही ओ.